‘चौकशीला नेलंय, अटक नाही’: कोठडीतला मार थांबवण्यासाठी घरच्यांनी काय करावं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ २३ वर्षांचा, तालुक्याच्या गावी मोटारसायकल गॅरेजात कामाला. काल रात्री नऊच्या सुमारास साध्या कपड्यातले चौघे आले आणि दुचाकी चोरीच्या चौकशीला म्हणून त्याला घेऊन गेले. तुम्ही ठाण्यात गेलात तर ‘आमच्याकडे नाही, एलसीबीने (स्थानिक गुन्हे शाखेने) उचललाय’. तिकडे फोन केला तर ‘अटक नाही केली, सकाळी सोडतो’. सकाळ होऊन दुपार झाली. त्यात ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की वकील आणलात तर दोनाचे दहा गुन्हे लावतील. तुम्ही विचारता, त्याला मारतील का, आणि मारू नये म्हणून आम्ही काय करू शकतो.

मी २६ वर्षं फौजदारी वकिली करते, त्यातली बरीचशी रिमांडच्या कोर्टात, म्हणजे अटक झालेल्याला कोठडीत ठेवायचं का हे ठरतं तिथे. आधी आत्ता काय करायचं ते सांगते. कायदा आणि कारणं नंतर.

एक साधा कागद घ्या आणि पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहा. भावाचं नाव, वय, किती वाजता नेलं, कुठून नेलं, गाडी कोणती, नंबर दिसला असेल तर तो, आणि तेव्हा तिथे कोण कोण होतं. त्यात एक वाक्य न विसरता घाला: ‘नेताना तो स्वतःच्या पायाने चालत गेला, त्याच्या अंगावर कुठलीही जखम नव्हती.’ हे वाक्य आज फालतू वाटेल. दोन वर्षांनी कोर्टात ‘जखमा आधीच्याच होत्या’ असं कुणी म्हणेल, तेव्हा हेच वाक्य पुढे येईल. अर्जाची एक प्रत ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसकट पोच घ्या. ठाणे अंमलदार पोच देत नसेल तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना ईमेल करा, एक प्रत स्पीड पोस्टाने न्यायदंडाधिकाऱ्यांना पाठवा आणि ११२ ला फोन करून भावाला कुठे ठेवलंय ते विचारा. माहिती मिळेलच असं नाही, पण तुम्ही किती वाजता विचारलं याची नोंद होते.

मी वकिलीत नवी होते तेव्हा माझे सीनियर मला संध्याकाळी तारघरात पाठवायचे. ‘अमुक इसमास आज सायंकाळी सात वाजता घरातून उचलून नेले, बेकायदा डांबले आहे, जिवास धोका.’ एक तार अधीक्षकांना, एक मॅजिस्ट्रेटना. तारेच्या पावतीवर पोस्टाचा वेळेसह शिक्का असायचा, आणि पोलिसांच्या कागदावर अटक दुसऱ्या दिवशी रात्रीची दाखवलेली असली की तो शिक्का बोलायचा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता तेच काम तुमच्या मोबाइलमधला ईमेल करतो, आणि फुकटात.

एवढा आटापिटा वेळेच्या नोंदीसाठी का, ते सांगते. मार पडतो तो बहुधा नोंद नसलेल्या तासांत. माणूस घरातून गेलेला असतो आणि ठाण्याच्या डायरीत आलेला नसतो, ही मधली फट. डायरीत नाव चढलं, अटक फॉर्म भरला, नातेवाइकाला कळवल्याची सही झाली की मारणाऱ्याला उत्तर द्यावं लागणार असतं. त्याआधीची रात्र कुणाच्याच हिशेबात नसते. कायद्याने आरोपीला जे जे संरक्षण दिलंय त्याचा गाभा माझ्या मते हाच आहे, की ही फट राहू नये. तुमचा भाऊ सध्या त्या फटीत आहे. तुमच्या अर्जाने ती बुजायला सुरुवात होते.

‘चौकशीला आणलंय, अटक नाही’ हे वाक्य तर आमच्या रोजच्या कानावरचं. कायद्यात अशी मधली जागा नाही. माणसाला उठून जायची मोकळीक आहे किंवा तो अटकेत आहे, दोनच गोष्टी. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच कस्टम्सच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की अटक सुरू होते ती माणसाचं स्वातंत्र्य रोखलं त्या क्षणी, अधिकाऱ्याने कागदावर लिहिलेल्या वेळी नव्हे. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २२ मधले २४ तास तुमच्या भावासाठी काल रात्री नऊला सुरू झाले. प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून आज रात्री नऊच्या आत तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा असायला हवा. कोर्ट बंद असेल, सुट्टी असेल, तरी न्यायाधीशांच्या बंगल्यावर हजर करतात. त्यामुळे ‘आता सोमवारीच’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरं म्हणजे चोरीच्या बहुतेक कलमांना सात वर्षांपर्यंत किंवा त्याहून कमी शिक्षा आहे. अशा गुन्ह्यांत आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची, आणि अटक करायचीच तर तिची गरज का, ते लिहून दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे बजावलं आणि नंतरही पुन्हा पुन्हा बजावलं. रात्री चार माणसं पाठवून उचलणं ही नोटीस नव्हे. पुढे रिमांडच्या वेळी तुमच्या वकिलांनी पहिला मुद्दा हाच घ्यावा.

अटक दाखवली की काही कागद तुमच्या हक्काचे. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या वेळीच अटक मेमो करायला सांगितलं. त्यावर तारीख, वेळ, घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही. तुम्हाला सहीला बोलावलं तर आधी वेळ वाचा. ‘आज दुपारी साडेतीन’ लिहिलं असेल तर सहीखाली स्वतःच्या हाताने लिहा: ‘काल रात्री ९ वाजता नेले होते.’ लिहू देत नसतील तर सही करू नका, आणि का केली नाही ते त्याच मिनिटाला अधीक्षकांना ईमेल करा. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी दिलीच पाहिजेत असं ठरवलं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क त्याच संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. ही पाच मिनिटांची भेट मी कधी सोडत नाही. काचेआडून का होईना, त्याला माझं तोंड दिसतं आणि मला त्याचं. हातावर, मानेवर काही आहे का, तो नीट बसतोय का, पाहता येतं. आणि त्याला मारणाऱ्यालाही कळतं की उद्या कुणीतरी पुन्हा येऊन बघणार आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, मारतील का. खोटा धीर देणार नाही. दुचाकी चोरीच्या संशयितांना मार पडतो, आणि का पडतो ते समजलं तर कुठे अडवायचा तेही समजेल.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच केला, कारण इथले पोलीस कबुली कशी काढतात ते त्यांना ठाऊक होतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती २५ आणि २६ कलमं होती, आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहेत. पण त्याला जोडून एक अपवाद आहे, तेव्हाचं कलम २७. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. आम्ही त्याला निवेदन पंचनामा म्हणतो. सगळी गोम इथे आहे. ‘मी चोरली’ हे बोलायला लावून काही उपयोग नाही, पण ‘गाडी नाल्याजवळ लपवली आहे, चला दाखवतो’ हे वदवून घेतलं आणि गाडी मिळाली की जप्ती झाली, मुद्देमाल हस्तगत, पेपरात फोटो. डीबी पथकावर, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकावर, वरून दबाव असतो तो गुन्हे उघडकीला आणण्याचा. तालुक्यात वीस गाड्या गेलेल्या असतात, माणसं अपुरी, सीसीटीव्ही धूसर, मोबाइलचं लोकेशन मागवून विश्लेषण करायला वेळ नाही. मग गॅरेजात काम करणारा पोरगा हा सोपा मार्ग वाटतो. त्याच्याकडे जुने पार्ट असतात, दहा जणांच्या गाड्या येत-जात असतात, आणि त्याच्या मागे कुणी नसतं.

मागे कुणी नसणं हेच खरं निमित्त, हे मी इतक्या वर्षांत शिकले. फासेपारधी वस्तीवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर जन्माने शिक्का मारला, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो पुसला गेला, तरी आजही आसपास घरफोडी झाली की आधी वस्ती उचलतात. वाण्याच्या, डॉक्टरच्या, सरपंचाच्या मुलाला आधी नोटीस जाते. तुम्ही आज अर्ज घेऊन ठाण्यात उभ्या राहिलात तर तुमच्या भावाच्या मागे कुणीतरी आहे एवढं तरी त्या पथकाला दिसेल.

म्हणून वकील आणल्याने गुन्हे वाढतात, या गोष्टीवर जाऊ नका. गुन्हे वाढवायचे ते तसेही वाढवतात, आणि वकील नसला तर ते कोऱ्या कागदावरच्या सहीने वाढवतात. पहिल्या भेटीत भावाला एवढं तरी सांगा: कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करायची कायद्याने गरजच नाही. आणि मार थांबवण्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मी अशी घरं पाहिली आहेत ज्यांनी मंगळसूत्र गहाण टाकून ‘न मारण्याचे’ पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पथकाने पुन्हा मागितले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. फोन करणं अवघड वाटतं, मला माहीत आहे. पण सापळा यशस्वी झालेल्या प्रकरणांत मी आरोपीला पुन्हा हात लागलेला पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट. भाऊ बोलत नाही म्हणून घरातल्या बाईला किंवा म्हाताऱ्या वडिलांना ठाण्यात बसवून ठेवतात, म्हणजे तो मोडेल. संहितेच्या कलम १७९ प्रमाणे बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला, आजारी किंवा अपंग माणसाला जबाबासाठी ठाण्यात जायला लावता येत नाही. विचारायचं ते घरी येऊन विचारावं. तुम्हाला किंवा वहिनीला बोलावलं तर हे शांतपणे सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भाऊ कोर्टात पहिल्यांदा उभा राहील ती दोन मिनिटं. खरंच दोनच मिनिटं असतात. बोर्डावर वीस रिमांड, बाहेर गर्दी, पोलीस कागद पुढे करतात, न्यायाधीश सवयीने विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’

हा प्रश्न मॅजिस्ट्रेट मेहरबानी म्हणून विचारत नाहीत. त्यामागे मुंबईतल्या बायकांची कहाणी आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या १५ स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले: बायकांसाठी वेगळे लॉकअप, अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला, आणि आरोपीला हजर केल्यावर कोठडीत छळ झाला का हे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारायचं व वैद्यकीय तपासणी मागण्याचा त्याला हक्क आहे हेही सांगायचं. चाळीस वर्षं होऊन गेली. प्रश्न विचारला जातो, पण ज्याने मारलं तोच आरोपीचा दंड धरून उभा असताना.

काही वर्षांपूर्वी एका सोमवारी असाच एक मुलगा समोर आला. एकोणीस-वीस वर्षांचा, घरफोडीचा संशय. कागदावर अटक रविवारी रात्री ११.४० ची. त्याच्या आईच्या अर्जावरची पोच शनिवारी संध्याकाळची होती. सोबत ग्रामीण रुग्णालयाचं सर्टिफिकेट, रात्री दोन वाजता दिलेलं: बाह्य जखमा नाहीत. साहेबांनी विचारलं, तक्रार आहे का. मुलगा म्हणाला, ‘नाही साहेब.’ माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. तो तळव्यांच्या बाहेरच्या कडांवर उभा होता, तापलेल्या वाळूवर उभं राहावं तसा, आणि दर थोड्या वेळाने पाय बदलत होता. मी म्हटलं, ‘साहेब, माझी एकच विनंती, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्या टेबलापर्यंत चालत येऊ द्या.’ दहा-बारा पावलं असतील. तिसऱ्या पावलाला त्याने कठड्याला हात लावला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पोलिसांना दाराबाहेर थांबायला सांगितलं, शिपायाकरवी खुर्ची दिली. मुलाला पटकन बसता येईना, तो दोन्ही हातांवर भार देत टेकला. मग चपला काढायला सांगितल्या. गिरणीच्या पट्ट्याने मारलेले तळवे होते, सुजून गोल झालेले. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, कुठल्या पायावर काय, किती लांब, रंग कोणता, चालताना त्रास होतो. मग विचारलं, ‘आता सांग.’ तो रडला आणि मग बोलला.

पोलीस कोठडी नाकारली गेली, त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. त्याच्यावरच्या खटल्यात जप्ती टिकली नाही, तो सुटला. मारणाऱ्यांविरुद्धची तक्रार अजून तारखांवर आहे, हेही सांगितलं पाहिजे.

म्हणून भावाला निरोप पोचवा, किंवा वकिलांकरवी सांगा, की मार पडला असेल तर पहिल्याच वेळी सांगायचं. कुणी मारलं त्याचं नाव माहीत नसेल तर वर्णन, कशाने, कुठे, किती वाजता. घाबरून तोंड उघडलं नाही तर वकिलांनी लेखी अर्ज द्यावा: पोलिसांना बाहेर ठेवून विचारावं, अंग पाहावं आणि पाहिलेलं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहावं.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला माझी एक चूक कारणीभूत आहे. वकिली सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. अशील कानाशी म्हणाला, ‘ताई, करंट दिला.’ मी त्याला म्हटलं, आज बोलू नको, डूक धरतील, दोन दिवसांत जामीन करून घेऊ. जामीन झाला नाही. खटल्यात त्याने मारहाणीचं सांगितलं तेव्हा सरकारी वकिलांनी युक्तिवादात एवढंच म्हटलं की पहिल्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर विचारलं असता आरोपीने तक्रार नाही असं सांगितलं होतं. ‘तक्रार नाही’ हे शब्द माझे होते, तोंड त्याचं. त्याला शिक्षा झाली. अपिलात सुटेपर्यंत चार वर्षं गेली आणि त्याचे वडील त्या दरम्यान वारले. त्यानंतर मी कुणालाही गप्प राहायला सांगितलेलं नाही.

तपासणीचं थोडं विस्ताराने सांगते, कारण इथे घरचे कमी पडतात. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे व्हायलाच हवी, आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. डी. के. बसूप्रमाणे पोलीस कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी. पण रात्री ओपीडी संपल्यावर थकलेल्या मेडिकल ऑफिसरपुढे कपड्यांसकट उभा केलेला माणूस म्हणजे तपासणी नव्हे. कोर्टाकडून आदेश घेताना शब्द नेमके हवेत: पोलीस खोलीबाहेर, पूर्ण अंग उघडं करून, तळवे, मांड्यांची मागची बाजू, कानाचे पडदे, गुप्तांग यांची तपासणी, प्रत्येक जखमेचं माप, रंग आणि अंदाजे वय, आणि जखम कशी झाली ते आरोपीच्याच शब्दांत. मुका मार पहिल्या दिवशी नुसता लाल दिसतो, मग काळानिळा होतो, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळा. म्हणून ‘आज काही दिसत नाही’ असं झालं तर दोन दिवसांनी पुन्हा तपासणी मागा. आणि एक गोष्ट जिवावरची. खूप मार बसलेल्या माणसाची लघवी गडद, चहाच्या रंगाची व्हायला लागली तर ती स्नायू चेचले गेल्याची खूण असते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. भावाला भेटाल तेव्हा हे विचारा. हो म्हणाला तर तासभरही वाट पाहू नका, त्याच वेळी रुग्णालयात हलवायचा अर्ज करा.

पहिल्या वेळी न्यायालयीन कोठडी मिळाली, म्हणजे पोलिसांकडे न देता तुरुंगात पाठवलं, म्हणून सुटलो असंही नाही. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळायची. नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे तेच १५ दिवस तुकड्या-तुकड्यांनी, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येतात. मला ही तरतूद काळजीची वाटते. तुरुंगातल्या माणसाच्या डोक्यावर दीड-दोन महिने ती टांगती राहते, आणि त्याने तोंड उघडलं असेल तर जास्तच. पण पोलीस कोठडी देताना दर वेळी त्याला कोर्टात प्रत्यक्ष हजर करावंच लागतं, व्हिडिओवर चालत नाही. म्हणजे दर वेळी त्याला चालताना पाहण्याची संधी आहे.

ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं की प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने जपायला हवं. प्रत्यक्षात मागायला गेलं की चित्रण साठवणारा डीव्हीआर बिघडलेला असतो. म्हणून मागायला उशीर नको. पहिल्याच दिवशी कोर्टात अर्ज: अमुक तारखेच्या रात्री ९ पासूनचं ठाण्याचं आणि गुन्हे शाखेच्या कार्यालयाचं चित्रण जपून ठेवण्याचा आदेश व्हावा. माहिती अधिकारातही अर्ज टाका. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर त्या कायद्यात ४८ तासांत उत्तर द्यायची तरतूद आहे, ती अर्जावर ठळक लिहा.

आज रात्री नऊपर्यंत त्याला कुठेच हजर केलं नाही तर हायकोर्टात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर आणा अशी, याचिका. तोपर्यंतचे अर्ज, ईमेल, पोच याच तिच्या सोबत लागतात.

मार पडलाच असेल तर पुढची लढाई लांबची आहे. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर दुखापत असेल तर दहा. पोलीस ‘कर्तव्य बजावताना’ घडलं म्हणतात आणि खटल्याआधी सरकारची मंजुरी हवी असा मुद्दा काढतात. कुठल्याही फौजदाराच्या कर्तव्यात तळवे फोडणं बसत नाही, हे कोर्टाला पटवावं लागतं. एक मुदत मात्र पक्की लक्षात ठेवा: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ चा आधार घेऊन सहा महिन्यांनंतरच्या तक्रारी उडवायचा प्रयत्न होतो. मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जावं लागतं. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. सगळीकडे एकच घटनाक्रम, एकच वेळा, एकच भाषा ठेवा. अर्जागणिक तपशील बदलले की तेवढ्यावर तक्रार मोडते.

न्याय अजिबात मिळत नाही असं नाही. नागपुरात १९९३ मध्ये कोठडीत एकाचा मृत्यू झाला. पोलिसांना ३ वर्षांची शिक्षा लागली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वाढवून ७ वर्षं केली. २५ वर्षं लागली. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण कोठडीत मरण पावला. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ते प्रकरण आईने लढवलं. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, ते पुढे विरून गेलं. वेगळा कायदा असता तर ‘जखम कोठडीत झाली, मग नाही म्हणून तुम्हीच सिद्ध करा’ असं पोलिसांना सांगता आलं असतं. विधी आयोग १९८५ पासून हेच सांगतोय. मला तो कायदा हवा आहे, माझ्या वकिलीच्या हयातीत.

आणि सगळे पोलीस असे नसतात, हेही खरं. रात्री अकराला फोन केल्यावर ‘मॅडम, आलाय, डायरीला घेतलाय, आईला भेटवतो’ म्हणणारे निरीक्षक मी पाहिलेत. त्यांचे गुन्हेही उघडकीला येतात, आणि त्यांच्या जप्त्या कोर्टात टिकतात.

वकिलाचे पैसे नसतील तर थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लोक अभिरक्षक कार्यालय आहे, अटकेतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातही समितीचा रिमांड वकील असतो. दूरध्वनी क्रमांक १५१००. फोनवर ‘भावाला काल रात्रीपासून डांबलंय, हजर केलेलं नाही’ एवढंच सांगा.

कोर्टात जाताना अर्जाच्या पोच, ईमेलच्या छापील प्रती, त्याचं आधार कार्ड आणि तो काही गोळ्या घेत असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा. एक सैल पायजमा आणि सदराही न्या. अंगावरचे कपडे बदलायची कोर्टाकडे परवानगी मागा, म्हणजे रक्ताचा किंवा मातीचा डाग असेल तर ते कपडे कोर्टाच्या ताब्यात देता येतील. बाकावर पुढे, त्याला दिसाल अशा ठिकाणी बसा. त्याला आत आणतील तेव्हा आधी त्याच्या पायांकडे बघा.